तळ्याकाठची सावन थाळी

माणसाने कोणावर विश्वास ठेवू नये असं माझं मत नाही. आधी तपासावं आणि मग ठेवावा, एवढंच माझं म्हणणं आहे. झाशीतल्या एका सरकारी कारखान्याच्या निरीक्षण विभागात माझी तीस वर्षं गेली. कॉइल कितीही सुबक गुंडाळलेली असली तरी मी ती उलटी करून बघतो. घरी आलेलं कलिंगड, दूधवाल्याचं माप, 'अगदी पाच मिनिटांत पोचतो' म्हणणारा पाहुणा, सगळ्यांना माझ्याकडे एकच नियम आहे. माधुरी, म्हणजे माझी बायको, याला संशयी स्वभाव म्हणते. तिच्या माहेरी सगळे भाबडे आहेत, त्यामुळे तिला सावधपणा आणि संशय यांतला फरक कळत नाही.

तर आमच्या अमोघने एके दिवशी जेवताना सांगितलं की त्याला शिवांगीशी लग्न करायचंय. शिवांगी म्हणजे बडा बाजाराजवळ राहणाऱ्या गोपाळरावांची मुलगी. माझ्या हातातला घास हातातच राहिला. मुलीबद्दल तक्रार नव्हती, ती एकदा घरी येऊन गेली होती आणि मी तिला उलटसुलट प्रश्न विचारून पाहिले होते. प्रश्न घराण्याचा होता.

झाशीत मराठी माणसं दोन प्रकारची. एक, ज्यांचे पूर्वज अठराव्या शतकात घोड्यावरून आले. आणि दुसरी आमच्यासारखी, जी नेमणुकीचं पत्र घेऊन रेल्वेने आली. पहिले आम्हाला 'कालचे' समजतात. आम्ही त्यांच्याबद्दल 'यांचं मराठी आता पुरतं हिंदी झालंय' असं हळू आवाजात बोलतो. गणपतीत दोघे एका मांडवात बसतात, पण आरती म्हणताना कोण कुठे अडखळतो याकडे दोघांचंही बारीक लक्ष असतं. गोपाळरावांचे पूर्वज तोफखान्याकडे कारकून होते म्हणे. ते स्वतः टपाल खात्यातून निवृत्त झाले. अडीचशे वर्षं ज्यांनी झाशीचं पाणी प्यायलं ते कितपत मराठी उरले असतील, ही शंका मला आली. त्यात माझी काय चूक?

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला.

"कमलाकरजी, आपली गाठ पडावी असं मनात आहे. घरी नको, उगाच बघण्याचा थाट होतो. बाहेर कुठे बसूं. जागा आपण ठरवावी. फक्त एक आहे, आमच्याकडे श्रावण फार कडक. कांदा, लसूण, वांगं उंबऱ्याच्या आत येत नाही. तेव्हा येत्या रविवारीच भेटूं."

"अगदी," मी म्हणालो आणि फोन ठेवला. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कोणता श्रावण?

ही भानगड झाशीबाहेरच्यांना सांगायला हवी. इकडच्या लोकांचा महिना पौर्णिमा झाली की बदलतो, आपला अमावास्या झाली की. त्यामुळे इकडचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी येतो आणि पंधरा दिवस आधीच निघून जातो. येता रविवार नेमका मधल्या पंधरवड्यात पडत होता. शेजारी दुबेजींच्या घरी सावन सुरू होऊन लाऊडस्पीकर लागला होता, आणि आमच्या भिंतीवरच्या, कोल्हापूरहून मेव्हण्याने पाठवलेल्या कॅलेंडरात अजून आषाढ चालू होता. आम्हीसुद्धा श्रावणात कांदा-लसूण सोडतो, पण आमचा श्रावण लागला नव्हता. स्वयंपाकघरात कांद्यांची टोपली शिगोशीग भरलेली होती.

"विचारा ना त्यांनाच," माधुरी म्हणाली.

म्हणूनच मी म्हणतो की तिच्या माहेरचे भाबडे आहेत. अस्सल मराठी माणसाला 'तुमचा श्रावण कोणता हो?' असं विचारायचं म्हणजे 'तुम्ही अजून मराठी आहात का?' असंच विचारल्यासारखं. लग्न तिथेच मोडायचं. अमोघनेही बजावलं, "बाबा, प्लीज, त्यांची इन्क्वायरी नका करू. मला हे लग्न करायचंय. सिरियसली." एवढं बोलून तो उठून गेला. हा मुलगा एरवी सिरियसली काही म्हणत नाही, त्यामुळे मला गंभीर व्हावं लागलं.

तरी मी त्याला मुलीकडून माहिती काढून घ्यायला लावलीच. तिचं उत्तर मोबाईलवर आलं: 'हाँ, सावन में सब बंद.' आणि खाली एक हात जोडलेलं चित्र.

"बघ, सावन म्हणाली," मी माधुरीला म्हटलं. "मला वाटलंच होतं. त्यांचा सावन चालू झालाय. बिचारे, इकडचेच झाले."

"अहो, ती हिंदीत लिहिते म्हणून सावन म्हणाली असेल."

पण माझा निष्कर्ष निघून गेला होता. सुरक्षित मार्ग एकच. रविवारी आपणही सावन पाळतो असं दाखवायचं. कांदा नाही, लसूण नाही, वांगं नाही, आणि आमच्या घराला यात काही नवीन वाटतंय असंही दिसू द्यायचं नाही.

गावाबाहेरच्या तळ्याकाठी 'जलविहार' नावाचं नवं रेस्टॉरंट उघडलं होतं. तिथलं बुकिंग मोबाईलवरच होतं. नाव घातलं, माणसं घातली, मग मोबाईलने विचारलं: सामान्य, जैन, नवरात्रि की सावन? मी 'सावन' निवडलं. त्याने विचारलं, व्रत कितव्या वर्षाचं? आता याच्याशी जेवणाचा काय संबंध? मी रकाना रिकामा सोडला तर ते पुढेच सरकेना. शेवटी मी 'तीस' लिहिलं, कारण झाशीत येऊन तेवढीच वर्षं झाली होती. खोटं लिहायचं तर निदान कशाला तरी धरून लिहावं.

संध्याकाळी दुबेजी कुंपणापाशी आले. दुबेजींना आमच्या घरात काय चाललंय ते आमच्याआधी कळतं.

"काए भाईसाब, समधी को जलविहार लिए जा रए?"

"अभी समधी हुए नहीं हैं," मी म्हणालो. व्याही म्हणायला अजून अवकाश होता.

"पनीर मत खइयो उतै. आजकल सब नकली आ रओ है, मैदा-अरारोट भरो रत है. आयोडीन की दो बूँद डार कें देखियो. नीलो पर जाए तो समझ लियो." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "और जे जो सात्विक लिखत हैं ना, इनकी कड़ाही तो एकई रत है."

दुबेजींचा सल्ला मी सहसा घेत नाही, पण हा माझ्या धंद्यातला होता. मी सदर बाजारात जाऊन आयोडीनची छोटी बाटली आणली. मग शुक्रवारी कारखाना सुटल्यावर थेट 'जलविहार' गाठलं. माल पाठवण्याआधी पाहणी करणं हे माझं कामच आहे.

तिथला मॅनेजर एवढ्या उकाड्यात कोट घालून उभा होता. माझा पहिला संशय त्या कोटावरच आला.

"सर, सावन में हमारा किचन एकदम सात्विक. प्याज का छिलका भी नहीं मिलेगा."

मी आत शिरलो. पातेल्यांचा वास घेतला, सुऱ्या उलटसुलट केल्या, मसाल्याचे डबे उघडले. कोपऱ्यात एक पोतं होतं.

"यह क्या है?"

"आलू है सर."

मी कोपरापर्यंत हात घालून चाचपलं. बटाटेच होते. तळापर्यंत बटाटे. आता सांगा, एवढं मोठं रेस्टॉरंट, आणि कांदा कुठेच नाही? मग तो ठेवला कुठे? माझी शंका दुप्पट झाली. आचारी मॅनेजरला हळूच म्हणाला, "फूड इन्स्पेक्टर हैं का?" मॅनेजर म्हणाला, "नहीं, लड़के के बाप हैं." त्यावर दोघेही हसले. मुलाच्या बापाची ही किंमत राहिली आहे. मी ते पोटात घातलं आणि घरी आलो.

विश्वास ठेवण्याजोगं काही सापडलं नाही म्हणून मी माधुरीला सोबत एक राखीव डबा करायला सांगितला. बटाट्याची कोरडी भाजी आणि पुऱ्या, कांद्याचा वाससुद्धा नाही. ऐनवेळी रेस्टॉरंटने दगा दिला तर पाहुणे उपाशी राहायला नकोत.

रविवारी संध्याकाळी आम्ही तिघं गेटवर पोचलो. ते तळं एका खात्याचं, त्याचा बांध दुसऱ्या खात्याचा आणि गाड्या लावायची जागा कुणा तिसऱ्याच ठेकेदाराची आहे, हे तिथे गेल्यावर कळलं. तीन मालकांच्या तीन पावत्या. एका पावतीशिवाय दुसरी मिळेना आणि पहिली देणारा चहा प्यायला गेलेला. तो आला तेव्हा गेटवरच्या गार्डने आमच्या पिशवीकडे बोट केलं.

"बाहर का खाना मना है साब."

"यह खाना नहीं है, सावधानी है," मी म्हणालो. त्याला ते पटलं नाही. डबा त्याने आपल्या केबिनमध्ये ठेवून घेतला. तिथे अजून एक कापडात बांधलेला डबा दिसत होता. म्हणजे जगात आमच्यासारखे आणखी कोणीतरी होते.

तळं काठोकाठ भरलेलं होतं. हंसाच्या आकाराच्या दोन होड्या कडेला बांधलेल्या होत्या. गोपाळराव, त्यांच्या पत्नी शारदाबाई आणि शिवांगी आधीच येऊन टेबलाशी उभे होते. बसले नव्हते, उभे होते, कारण टेबलावर बेलाची पानं पसरली होती, भगवा झेंडा रोवला होता आणि मधोमध एक पाटी होती. गोपाळराव चष्मा वर करून ती वाचत होते: 'सावन व्रत स्पेशल. कमलाकर जी परिवार. ३० वर्षों से व्रतधारी.'

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आदराने पाहिलं.

"बसावें," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "तीस वर्षं?"

"आल्यापासून," मी नम्रपणे म्हणालो. माधुरीने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

शारदाबाईंचा चेहरा उतरला. का उतरला ते मला समजेना. थाळ्या आल्या. साबुदाणा, कुट्टूच्या, म्हणजे इकडच्या उपासाच्या पिठाच्या पुऱ्या, पनीरची पांढरी भाजी. गोपाळराव बराच वेळ ताटावर वाकून राहिले. ते सरळ बसले तेव्हा माझी नजर त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांवर गेली आणि मी हबकलो. अंगठा आणि तर्जनी पिवळसर तपकिरी झालेली! असा डाग सिगारेटचा असतो, नाहीतर तंबाखूचा. तोफखान्याचं घराणं, श्रावण कडक, आणि बोटं ही अशी! मी माधुरीला डोळ्यांनी खुणावलं. तिला वाटलं मला ठसका लागला, तिने पाण्याचा पेला पुढे केला.

मग मी माझं कर्तव्य बजावलं. सगळे होड्यांकडे बघत होते तेवढ्यात खिशातली बाटली काढून पनीरच्या एका तुकड्यावर दोन थेंब टाकले. तुकडा काळानिळा पडला. मी तो रुमालात गुंडाळला. बाटलीचं झाकण नीट बसलं नाही बहुतेक, कारण थोड्याच वेळात शर्टाच्या खिशावर तपकिरी ठिपका उमटला. गोपाळराव त्या ठिपक्याकडे बघत होते. मी तो हाताने झाकला.

"मग कमलाकरजी," त्यांनी ताट बाजूला सारून विचारलं, "आपल्याकडे सगळे सण असेच का?"

"असेच म्हणजे?"

"इकडच्या रीतीने."

"जिथे राहायचं तिथल्यासारखं वागावं," मी म्हणालो. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणालो! अमोघने कपाळावर हात मारला.

गोपाळरावांचा चेहरा असा झाला, जणू त्यांच्या टपालातलं मौल्यवान पार्सल गहाळ झालं होतं. शारदाबाई पहिल्यांदाच बोलल्या. "आमची शिवांगी हिंदीत बोलते, तेवढं चालेल ना, असं विचारायला आम्ही आलो होतो. इथे तर..."

"ठीक आहे," गोपाळराव म्हणाले. "आम्ही घरी जाऊन कळवतो."

हे 'कळवतो' मी स्वतः कितीतरी ठेकेदारांना ऐकवलं आहे. त्याचा अर्थ मला चांगला ठाऊक आहे. माल नापास. अमोघने खाली मान घातली. शिवांगी ताटातल्या साबुदाण्याचे दाणे एकेक करून बाजूला सारत होती. मी इतकं तपासलं, पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, आणि मुलाचं लग्न माझ्याच टेबलावर माझ्या देखत मोडत होतं. बरं, का मोडतंय तेही कळेना.

त्याच वेळी गेटवरचा गार्ड दोन्ही हातांत दोन डबे घेऊन आमच्या टेबलाशी आला. त्याने ते बेलाच्या पानांवर ठेवले.

"साब, मेरी ड्यूटी खतम. डिब्बे पहचान लीजिए. एक तो ठीक है, दूसरे में से प्याज की बास मार रही है. केबिन में बैठा नहीं जा रहा."

कापडात बांधलेल्या डब्यातून खरंच कांद्याचा दरवळ येत होता. कांद्याचा, आणि निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचा. मला क्षणभर भोवळच आली, कारण त्या वासावर माझा जीव आहे. पण मी सावरलो.

"बटाट्याचा आमचा," मी म्हणालो. "तो दुसरा आमचा नाही. आमच्या घरात सध्या कांदा येतच नाही." घरातली टोपली माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली.

गार्डने गोपाळरावांकडे पाहिलं. त्यांनी त्या डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पाटीवरच्या तीस वर्षांकडे पाहिलं.

"आमचाही... नाही," ते म्हणाले.

"तो फिर बाहर कुत्तों को डाल दूँ?"

शारदाबाईंच्या तोंडून 'अगं बाई' एवढंच निघालं आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. गार्ड डबा उचलून वळला. तेव्हा शिवांगी उठली.

"भैया, रुकिए. डब्बा हमारा है."

ती माझ्याकडे वळली. तिला मराठी बोलायची लाज वाटते हे मला अमोघने सांगितलं होतं. ती एकेक शब्द जपून ठेवत बोलली.

"काका, ते भरीत आहे. आईने सकाळपासून खपून केलं. तुमच्यासाठी. ती म्हणाली, महाराष्ट्रातले लोक आहेत, त्यांना आपलं भरीत बरोबर लागेल की नाही, ये देखना है. आमचा श्रावण अजून लागला नाही. अमावस के बाद लागतो. आम्हांला माहीत नव्हतं की तुम्ही सावन पाळता."

"आम्ही?" मी ओरडलो. "आम्ही कशाला सावन पाळू? आमचाही श्रावण अमावास्येनंतर!"

"मग हे?" गोपाळरावांनी भगवा झेंडा उपटून माझ्यापुढे धरला.

"हे तुमच्यासाठी! तुम्हीच म्हणालात श्रावण कडक, म्हणून रविवारी भेटू."

"म्हणूनच रविवार म्हटलं! त्यानंतर महिनाभर बाहेर खाता येणार नाही, तेव्हा आधी भेटूं!" गोपाळराव उभे राहिले होते. "कमलाकरजी, अडीचशे वर्षं आमच्या घरात पंचांग उज्जैनचं आलं, ग्वाल्हेरचं आलं, काही नसेल तेव्हा आजोबा चंद्र बघून मोजत. आजूबाजूला सारं गाव सावन म्हणतं, आम्ही पंधरा दिवस थांबतो. मुलं शाळेत चिडवली जातात, तरी थांबतो. आणि आज पाहिलं की खास महाराष्ट्रातून आलेल्या माणसाने तीस वर्षांत सोडून दिलं. मला वाटलं, मग आम्ही कशासाठी थांबलो?"

ज्या माणसाच्या मराठीपणावर मी आठवडाभर संशय घेतला, तो माझ्या मराठीपणासाठी रडकुंडीला आला होता. मी त्यांचा हात हातात घेतला. माझेही डोळे भरून आले होते, आणि ते मी कांद्यावर ढकललं.

गार्ड अजून डबा घेऊन उभाच होता. "तो यहाँ नहीं खा सकते साब. बाहर का खाना मना है," तो म्हणाला. मग आम्ही सहाही जण थाळ्या तशाच सोडून बाहेर आलो आणि बांधाच्या कठड्यावर ओळीने बसलो. शारदाबाईंनी डबा उघडला. भरीत, भाकरी आणि वर बुक्कीने फोडलेला कांदा. आमच्या पुऱ्याही निघाल्या. मी पहिला घास घेतला आणि सवयीने दोष शोधू लागलो. एकही सापडला नाही. हे माझ्या नोकरीच्या काळात फारसं झालेलं नाही. मी तसं सांगितल्यावर शारदाबाईंनी डोळे पुसले आणि मला आणखी वाढलं.

दुसऱ्या भाकरीसाठी मी वाकलो तेव्हा खिशातली बाटली घरंगळत गोपाळरावांच्या पायाशी गेली. त्यांनी ती उचलून नाकाशी धरली. आता हा माणूस काय समजेल? लग्न जुळता जुळता व्याह्याच्या खिशात बाटली!

"आयोडीन आहे," मी घाईने म्हणालो. "म्हणजे, त्यांच्या पनीरवर माझा थोडा..."

गोपाळरावांनी आपल्या कुडत्याच्या खिशात हात घातला, अगदी तशीच बाटली बाहेर काढली आणि माझ्या बाटलीशेजारी कठड्यावर ठेवली. मी त्यांच्या तपकिरी बोटांकडे पाहिलं. त्यांनी माझ्या शर्टावरच्या ठिपक्याकडे पाहिलं.

"मला वाटलं, आपण तंबाखू खाता," ते म्हणाले.

"मलाही तुमच्याबद्दल तेच वाटलं."

"निळं पडलं का हो तुमचं?" त्यांनी हळूच विचारलं.

"काळंनिळं."

"माझंही. म्हणून तर ताट सारलं."

शारदाबाईंनी त्या दोन बाटल्यांकडे पाहिलं, मग आम्हा दोघांकडे पाहिलं आणि माधुरीला म्हणाल्या, "विहीणबाई, मुलांचं आपण सावकाश ठरवूं. ह्या दोघांचं तर जुळलंच."

सगळे इतके हसले की 'विहीणबाई' हा शब्द कोणाच्या लक्षातच आला नाही. माझ्या आला. निरीक्षण विभागात मी तीस वर्षं उगाच काढलेली नाहीत. हसणं थांबेपर्यंत मी दम धरला, मग शारदाबाईंपुढे सरसावून बसलो आणि खात्री करून घेण्यासाठी त्यांना तो शब्द पुन्हा एकदा, मोठ्याने, सगळ्यांसमोर म्हणायला लावला.